चांदी तांब्याला टेकली की

माझ्या मावसोबांइतकी व्याख्यानं देऊन इतके कमी दागिने घडवणारा सोनार अख्ख्या निजामाच्या राज्यात दुसरा झाला नसेल. मानवतच्या बाजारात त्यांचं दुकान होतं आणि विषय एकच होता. चांदी वितळायला मोठी आच लागते, तांब्याला त्याहून मोठी. पण दोन्ही एकमेकांना टेकवून तापवली, की ज्या आचेला एकटी चांदी नुसती लाल होऊन बसली असती, त्याच आचेला सांध्यावर पाणी सुटतं. हे त्यांना वडिलांनी शिकवलेलं, पण सांगायचे असे की जणू आज सकाळीच शोध लागलाय. नथीचा मोती बसवायला आलेल्या बाईचीही प्रयोग पाहिल्याशिवाय सुटका नसे. एकदा चांदीची गुंडी जोडायला पोलिसांतला जमादार आला. सारा बाजार त्याला टरकून असे. मावसोबांनी त्याच्याच हाती फुंकणी दिली. "फुका जमादारसाब. हां, आता बगा, सुटायलंय का पानी?" फेटा मानेवर येईपर्यंत जमादार फुंकत राहिला आणि "कमाल है उस्ताद" म्हणत गुंडी तिथेच विसरून गेला.

हाच नियम ते माणसांनाही लावत. बांधावरून भांडणारे पेडगावचे दोन भाऊ त्यांनी गुडघ्याला गुडघा लावून बसवले, तर ते जागच्या जागी एकमेकांच्या उरावर बसले. आतून मावशी म्हणाली, "तीस वर्सं तुमी आन मी एका घरात टेकून बसलाव. कोण वितळलं, सांगा." मावसोबांनी निखाऱ्यावर उगीच फुंकर घातली. मिठापासून मुहूर्तापर्यंत दोघांचं कधी एकमत झालेलं मी पाहिलं नाही.

मावशी गेली. वर्षश्राद्धाला देव्हाऱ्यात तिचा टाक बसवायचा होता. चांदीच्या पातळ पत्र्यावर तिचं तोंड उठवायला त्यांनी महिना घेतला. बसकं नाक, ठसठशीत कुंकू, वाद घालताना चढायची ती डावी भुवईसुद्धा. पत्रा पिचू नये म्हणून खाली तांब्याचा पत्रा जोडायचा राहिला होता. दोन्ही पत्रे टेकवून त्यांनी निखाऱ्यावर धरले, तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. जन्मभर ज्या सांध्यावर नजर ठेवायला जगाला शिकवलं, तो सोडून ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. पाणी सुटलं आणि वर चढलं. सांडशीने टाक ओढेपर्यंत नाक, डोळे, भुवई, सगळं गेलं होतं.

"दुसरा करा," भावकीने सांगितलं, "बिनतोंडाचा टाक देव्हाऱ्यात चालत न्हाई." मी चांदी आणून देतो म्हणालो. मावसोबांनी टाक धोतराला पुसला.

"नगं. तिनं इचारलं व्हतं न्हवं, कोण वितळलं म्हून." त्यांनी तो माझ्या हातावर ठेवला. "ह्यातली चांदी कुटली आन तांबं कुटलं, दाव बरं."

मी उन्हात धरून पाहिला. सांधा कुठेच नव्हता. मी टाक परत दिला.

श्राद्धाला तोच बसला. कुंकू लावताना भावकीतले सगळे माना वाकवून बघत होते. मावसोबांना मात्र कपाळ शोधावं लागलं नाही.