येताना एकेक दगड

समाजसेवा हा शब्द कानावर पडला की आजही माझं डोकं फिरतं. घरातले हसतात, म्हणतात, म्हातारा सुरू झाला. होऊ दे सुरू. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

पन्नास-बावन्नच्या पुढची ती वर्षं. आम्ही घाटकोपरला राहायचो. स्टेशनाजवळच्या माड्यांमध्ये नव्हे, पार मागे, टेकडीच्या अंगाला असलेल्या झोपड्यांमध्ये. वडील गिरणीत बदली कामगार. बदली मिळाली तर चूल, नाही तर बोंब. आई दगडांच्या खाणीवर जायची. वस्ती सगळी आमच्याच कोकणातली. बायका खाणीवर, बाप्ये गिरणीत नाही तर गोदीत. त्या वस्तीतून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे माझा भाव काही विचारू नका. आई खाणीवर सगळ्यांना सांगत सुटायची, "माझो झील कॉलेजात जाता."

कॉलेजात एक सेवा मंडळ होतं. देश नवा, हवा नवी, जो तो श्रमदानाला निघालेला. दर रविवारी कुठल्या तरी गावात किंवा वस्तीत जायचं, रस्ता करायचा, विहिरीतला गाळ काढायचा, शाळेच्या भिंती सारवायच्या. मंडळातले सगळे एकमेकांना 'बंधू' म्हणत. गळ्यात केशरी रुमाल. कामाची पद्धत अशी की सगळ्यांनी एका ओळीत उभं राहायचं आणि घमेलं हातोहात पुढे द्यायचं. प्रत्येकाकडे एक शिट्टी. कुणा बंधूला मदत लागली की त्याने शिट्टी वाजवायची, आणि ती ऐकली की हातातलं टाकून सगळ्यांनी त्याच्या मागे ओळ धरायची. का, कशाला, विचारायचं नाही. मंडळात येताना तशी शपथच घ्यावी लागे.

खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. बोरिवलीच्या पुढे एका पाड्यावर विहीर उपसली होती, तेव्हा मी कंबरभर चिखलात रुतलो. शिट्टी मारली तर पाच-सहा जण कपड्यांसकट आत उतरले, सगळ्यात आधी मंडळाच्या चिटणिसाने उडी मारली. दुपारी सगळ्यांचे डबे एका परातीत ओतून काला करायचा आणि एकत्र जेवायचं. माझ्या डब्यात कुळथाची पिठी आणि नाचणीची भाकरी. पहिल्या दिवशी मी डबा लपवत होतो, तर याच चिटणिसाने तो हिसकावून परातीत उपडा केला. म्हणाला, "बंधू, इथे तुझं-माझं नाही." हा चिटणीस मुलुंडचा, वकिलाचा मुलगा. त्या दिवशी मला तो सख्ख्या भावाहून सख्खा वाटला. म्हणून तर पुढे जे झालं ते इतकं लागलं.

आता आमच्या वस्तीची एक रीत सांगतो. टेकडीवरचं पाणी दर पावसाळ्यात सरळ आमच्या वरच्या ओळीच्या घरांत शिरायचं. मागच्या दारातून आत आणि पुढच्या दारातून बाहेर, मधे चूल, कणगी, अंथरुणं जे सापडेल ते घेऊन. आदल्या वर्षी आमची मागची कुडाची भिंतच गेली. तेव्हा बायकांनी ठरवलं, घरांच्या मागे दगडांचा बांध घालायचा. दगड आणायचे कुठून? खाणीवर वेडेवाकडे दगड टाकून देत, तेवढे न्यायला मुकादमाची ना नव्हती. मग दिवाळीपासून प्रत्येक बाईने संध्याकाळी परतताना डोक्यावर एक दगड आणायचा, आमच्या बोलीत 'हाडायचा'. दिवसभर दगड फोडायचे आणि घरी जाताना पुन्हा दगडच. आई म्हणायची, "घराक येताना रिकाम्या हातान येवचा नाय." गरोदर बाईसुद्धा छोटासा का होईना, हातात घेऊन यायची. वस्तीच्या मधोमध जरा सपाट जागा होती, तिथे ढीग रचला होता. उन्हाळ्यापर्यंत तो माझ्या खांद्याला आला.

दगड जमले, पण बांध रचायला हात कुठे होते? बाप्ये पाळीवर, बायका खाणीवर, आणि पाऊस काही थांबणार नव्हता. मी मनात म्हटलं, हात तर आपल्याकडे ढिगाने आहेत! मंडळाच्या बैठकीत उभा राहिलो आणि सांगितलं, माझ्या वस्तीत या, बांध घालू. "दगड जमलेत," म्हटलं, "फक्त हात हवेत." टाळ्या पडल्या. मंडळाचे प्रमुख आमचे एक सर होते, खादीतले, गोड बोलणारे. त्यांनी माझी पाठ थोपटली. मी घरी उड्या मारत गेलो. आईने वस्तीभर सांगितलं, झिलाचे दोस्त येतत.

पुढच्या बैठकीत कळलं की कुणीतरी मोठे पुढारी काम बघायला येणार आहेत. त्यांची मोटार खालच्या सडकेवरून वर वस्तीत जायला हवी. म्हणून आधी रस्ता. मी म्हटलं, "सर, पाऊस तोंडावर आलाय. आधी बांध करू." सर हसले. "अरे, रस्ता म्हणजे प्रगती. बांध काय, त्याच्या पुढच्या रविवारी." मी मनात म्हटलं, पुढचा तर पुढचा.

त्या रविवारी पहाटेच बंधू आले. कुदळी, फावडी, घमेली, मांडवाच्या कनाती, सगळा थाट. मला सरांनी स्टेशनाकडे पिटाळलं. ध्वनिक्षेपक आणायचा, हार आणायचे, पाहुण्यांना चहाबरोबर द्यायला बिस्किटं आणायची. वस्तीतला मी एकटा, आणि मीच हार आणायला! ध्वनिक्षेपकवाल्याने रखडवलं. परत येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं.

वर आलो तर रस्ता तयार. छान, सरळ, दोन्ही कडांना मोठमोठे दगड लावलेले, त्यांना चुन्याचा पांढरा हात दिलेला. मधे फोडलेल्या दगडांची भर, वर मुरूम. बंधू घामाने निथळत होते, गाणी म्हणत होते. आणि सपाट जागेवर, जिथे ढीग होता तिथे, मांडव.

माझ्या हातातले हार तिथेच पडले. "दगड कुठायत?"

चिटणीस म्हणाला, "कुठले? ते ढिगातले? वापरले की. तूच म्हणाला होतास ना, दगड जमलेत."

"अरे, बांधासाठी जमलेत! लोकांनी डोक्यावरून आणलेत ते!"

"मग लोकांच्याच रस्त्याला लागले. एवढं काय त्यात?"

एवढं काय त्यात! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या आणि वर विचारायचं, एवढं काय त्यात. मी आईला शोधलं. ती घराच्या दारात बसली होती, मांडीवर द्रोण, द्रोणात बुंदीचा लाडू. न खाल्लेला. तिने सांगितलं ते ऐकून तर मला कुणाचा तरी गळा धरावासा वाटला. त्यांनी पहिला दगड उचलला तेव्हाच ती धावत गेली होती. ओरडली होती, "मेल्यानू, ते दगड आमचे आसत! कोणाक इचारून उचलतास?" तर बंधू हसले. एकाने तिच्या हातात लाडू ठेवला आणि म्हणाला, "मावशी, बसा सावलीत. आज तुम्ही काही करायचं नाही. आज आम्ही करणार."

घरोघर पेटत्या चुली टाकून बायका बाहेर येऊन बघत होत्या. त्यांचे दगड हातोहात, ओळीने, गाणी म्हणत चालले होते. आणि मोठे दगड घणाने फोडत होते. खाणीत जन्म गेलेल्या बायकांसमोर! एकदा फोडलेला दगड काय परत जुळतो?

मी पहार घेतली आणि रस्त्याच्या कडेचा पहिला दगड उपटायला लागलो. सर धावत आले. "काय हे? ही आता सार्वजनिक मालमत्ता आहे!" मी म्हटलं, "काल कुणाची होती, सर?" वस्तीतले दोन म्हातारे माझा हात धरायला लागले. बाबा, तंटा नको, मोठी माणसं येतायत, वस्तीला नळ द्यायचं काही बोलतील. मग मला शिट्टी आठवली.

शिट्टी तोंडात धरली आणि जीव खाऊन वाजवली. ओरडलो, ओळ धरा. खाणीवर चला. मोटार यायला अजून वेळ आहे, पन्नास-साठ धट्टीकट्टी पोरं आहेत, हातोहात दगड वर आणू आणि ढीग पुन्हा उभा करू. इतकं सोपं होतं हो! हेच तर आमचं काम होतं, यातच तर आम्ही पटाईत होतो. पुन्हा वाजवली. सगळे बंधू माझ्याकडे बघत होते. मग सगळे सरांकडे बघायला लागले. सर घड्याळाकडे बघत होते. एकही पाय हलला नाही. शेवटी चिटणीस जवळ आला आणि हळूच म्हणाला, "यार, आज नको ना. पाहुण्यांसमोर तमाशा कशाला?" बोरिवलीच्या चिखलात उडी मारणारा तोच हा.

मोटार आली. भाषण झालं. वस्तीच्या कायापालटाबद्दल पाहुणे बोलले आणि नळाबद्दल चकार शब्द नाही. फोटोत मला पुढे उभं केलं, कारण मी 'याच वस्तीतला होतकरू'. तो फोटो मी पुढे चुलीत घातला.

पुढच्या रविवारी बंधू आले नाहीत. मालाडला शाळा रंगवायची ठरली होती. त्याच्या पुढे परीक्षा, मग सुट्टी. मी कॉलेजात जाऊन चिटणिसाला गाठलं, सरांच्या घरी गेलो. सर म्हणाले, "सेवेत अपेक्षा ठेवू नये." भीक नको पण कुत्रं आवर, असं तोंडावर आलं होतं, गिळलं. बायकांनी पुन्हा एकेक दगड आणायला सुरुवात केली. मीही आणत होतो, वडील पाळीवरून येऊन आणत होते. आमच्या घराच्या मागे गुडघ्याएवढा बांध झाला आणि आभाळ फुटलं.

पाणी गुडघ्याएवढ्या बांधाला कसलं जुमानतं! रात्री नाही, भर दुपारी आलं. आई घरात एकटी होती. मागची भिंत आतल्या बाजूला पडली. तांदळाची कणगी, माझी पुस्तकं, वडिलांचं एकुलतं एक कोरडं अंथरूण, सगळं पुढच्या दारातून त्या सुंदर रस्त्यावरून खाली सडकेवर गेलं. आई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली म्हणून वाचली.

आणि बंधू आले. आता मात्र आले! 'आपद्ग्रस्तांना मदत.' सडकेवर टेबल मांडलं, घोंगड्यांची चळत, गळ्यात केशरी रुमाल, फोटो काढणारा छत्रीखाली. वस्ती रांगेत उभी, भिजलेली. आईच्या मागे मी. चिटणिसाने मला बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने दोन्ही हातांनी आईपुढे घोंगडी धरली. म्हणाला, "घ्या मावशी."

आईने घोंगडीकडे बघितलंच नाही. तिने त्याचे हात बघितले, शेजारच्याचे बघितले, ओळीने सगळ्यांचे बघितले. मग शांतपणे विचारलं, "येताना एकेक दगड हाडलात?"

चिटणिसाने मान खाली घातली. एकजण उगाच छत्री उघडझाप करत राहिला. टेबलाच्या टोकाला बसलेले सर न बघताच म्हणाले, "चला, पुढचे या."

आईने घोंगडी घेतली. घ्यावीच लागली, घरात कोरडी चिंधीसुद्धा नव्हती. तिने ती घोंगडी घेतली याचा राग मला आजही येतो, आणि तो तिच्यावर नाही.

आम्ही रस्त्याने वर निघालो. मुरूम वाहून गेला होता, फोडलेले दगड वर आले होते, कडेचे मोठे दगड मात्र बरेचसे जागेवर होते, चुना उडालेला. थोडं वर गेल्यावर आई थांबली. घोंगडीची चुंबळ करून तिने डोक्यावर ठेवली, वाकली, कडेचा एक दगड हलवून मोकळा केला आणि मला म्हणाली, "हात लाव." मी तो तिच्या डोक्यावर चढवला. मागून येणाऱ्या बाईनेही एक उपटला. तिच्या मागच्या बाईनेही.

खालून सर ओरडायला लागले, "अहो बाई! दगड काढू नका! रस्ता खराब होईल!"

मी मागे वळून बघितलं नाही. एक काय, दोन उचलले.