वस्तऱ्याआधीचा प्रश्न

काल औरंगपुऱ्यातल्या जुन्या सलूनमध्ये साबणाच्या फेसाचा वास आला आणि बारा वर्षांपूर्वीची दुपार आठवली. केस विरळ होऊन टाळू दिसायला लागली होती. वैतागून मी याच खुर्चीत बसलो आणि म्हणालो, "चाचा, चकोटच करून टाका."

वस्तऱ्याला पातं लावताना त्यांनी विचारलं, "वडील हायेत ना?"

"हायेत की."

"मग नाय करत. बाप असताना चकोट करत नसतात."

मला तो निव्वळ अडाणीपणा वाटला. घरी येऊन चिडून सांगितलं, तर वडील स्वतःच्या टकलावरून हात फिरवत हसले. "घाई कशाची? मी गेल्यावर करायचंच हाय की."

काल त्यांचा दहावा होता. मी मान खाली घातली. चाचांनी वस्तरा उचलला. या वेळी त्यांनी काहीच विचारलं नाही.