भित्र्या मुलींच्या कुंदाबाई

श्रीमती कुंदाबाई ढवळे यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या गौरवग्रंथासाठी मी लिहावे, असे संपादक मंडळाने कळवले, तेव्हा मी कुवेतमधल्या आमच्या रुग्णालयात ड्यूटीवर होते. बारा वर्षे मी इथे परिचारिका आहे. कॅज्युअल्टीत मी डगमगत नाही, पण बाईंविषयी लिहायचे म्हणताच तीन कागद फाडले.

बाई आमच्या मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद प्रशालेत विज्ञान शिकवायला आल्या, तेव्हा मी नववीत होते. पहिल्याच तासाला त्यांनी मला धडा वाचायला उभे केले. मी लहानपणापासून अडखळत बोलायची. ‘पेशी’मधल्या ‘प’वर जीभ अडकली ती अडकलीच. वर्ग हसला. मी मुकाट्याने हात पुढे केला, कारण त्याआधी अशा वेळी छडी बसत असे. बाई माझ्या तळहाताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “बस. तू कुणाशी न अडखळता बोलतेस, ते उद्या मला लिहून आण.”

मी लिहून नेले, ‘आमच्या शेळ्यांशी.’ बाई हसल्या नाहीत. दर शनिवारी शाळा सुटली की त्या मला गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात पाठवू लागल्या. पचनसंस्था मी शेळीवरून शिकले. शिकलेले आधी एकट्या बाईंना सांगायचे, मग दोन मैत्रिणींना, मग पाच जणींना. नववी संपताना मी सगळ्या वर्गापुढे उभी राहिले. अडखळले, पण खाली बसले नाही. बाईंनी वर्गातल्या प्रत्येकाला सगळ्या विषयांसाठी स्वतःची एक वेगळी वही घालून दिली होती. मला काय येते, काय येत नाही, या महिन्यात काय शिकणार आणि ते आले हे कसे दाखवणार, हे ज्याचे त्याने लिहायचे. सुताराच्या घरची रुक्मिण भूमिती फळ्या मापून शिकली.

या सगळ्याची गावाला धास्ती वाटत असे. मुख्याध्यापक सरांनी एकदा आमच्यासमोरच सांगितले, “बाई, बोर्ड वह्या बघत नाही, पेपर बघतं.”

आणि दहावीला मी इंग्रजीत नापास झाले.

नापास झालीस तर सोयरीक पक्की, असे वडिलांनी आधीच बजावले होते. पुढच्या आठवड्यात पाहुणे येणार होते. आई लुगडी बघू लागली. चौथ्या दिवशी भर दुपारी बाई पायी चालत आमच्या दारात आल्या. मी दाराआड उभी राहून ऐकत होते.

वडील म्हणाले, “बाई, शेळ्या राखायला शाळेत घातली नव्हती पोरगी.”

“चूक माझी आहे,” बाई म्हणाल्या. “आवडतं ते मी तिला करू दिलं. इंग्रजीची तिला भीती वाटायची, ती पानं तिच्या वहीत कोरीच राहिली. मी ती राहू दिली. त्याची शिक्षा तिला कशाला?”

“आता पाहुण्यांना काय सांगू?”

“ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत थांबा म्हणा. तोवर मी रोज येईन.”

वडिलांनी भिंतीवरचे कॅलेंडर काढून पाने उलटली.

“ऑक्टोबर,” ते शेवटी म्हणाले. “पुढं एक दिवस नाही.”

बाई रोज आल्या. दवाखान्यातल्या औषधांच्या बाटल्यांवरचे इंग्रजी त्यांनी माझ्याकडून वाचून घेतले, मग त्यावर वाक्ये, मग निबंध. मी काठावर पास झाले. पुढच्या वर्षापासून बाईंनी प्रत्येकाच्या वहीत एक पान वाढवले: ‘ज्याची भीती वाटते ते.’ त्या पानावर दर आठवड्याला काहीतरी लिहावेच लागे. माझ्या नापास होण्यातून बाई स्वतः शिकल्या, आणि हे त्या वर्गात मोकळेपणाने सांगत.

गेल्या हिवाळ्यात बाई व्हिजिट व्हिसावर इथे कुवेतला, बनेद अल-गार भागात आपल्या मुलाकडे राहायला आल्या होत्या. मी तिथून अर्ध्या तासावर, एगैलाला राहते. माझी मुलगी ईशा इथल्या भारतीय शाळेत नववीत होती. दोन महिने शाळेची बस यायच्या वेळी तिला उलट्या होत होत्या. तपासण्यांत काही निघत नव्हते. एके सकाळी तिने बाथरूमची कडी लावून घेतली आणि हाकेला ओ देईना. मी दार बडवत होते. इतकी वर्षे रुग्णालयात जे जे पाहिले, ते सगळे त्या दारामागे मला दिसत होते. अखेर आतून कडी निघाली. ईशा फरशीवर बसली होती. “आई, आय कान्ट. प्लीज,” एवढेच म्हणाली.

मी बाईंना फोन केला. मुलाला गाडी काढायला लावून त्या तासाभरात आल्या. मी घडाघडा सांगू लागले, तशा म्हणाल्या, “तू जरा बाहेर बस. तुझी भीती तिच्या अंगावर पडते आहे.”

खोलीचे दार उघडेच होते, बाहेर मला सगळे ऐकू येत होते.

“तुला कशाची भीती वाटते?” बाईंनी तिला विचारले.

“एव्हरीथिंग, आजी.”

“एकेक करून सांग. इंग्रजीत सांग हवं तर.”

ईशा बराच वेळ सांगत होती: गणित, तोंडी परीक्षा, वर्गातल्या मुली, आणि शेवटी मी, तिची आई.

“आता माझी सांगते,” बाई म्हणाल्या. “तुझी आई दहावीला नापास झाली, तेव्हा तुझ्या आजोबांच्या दारात गेले ती घाबरतच. वाटत होतं, चाळीस पोरांचं वर्ष मी मातीत घातलं. परत फिरणार होते. मग वाटलं, घरी जाऊन तरी ही भीती कुठं जाणार आहे?”

वीस वर्षांहून अधिक काळ मी बाईंना निर्भय समजत आले होते.

त्या दोघींनी मिळून यादी केली. तोंडी परीक्षा आधी एकट्या वर्गशिक्षिकेपुढे द्यायची. दहावीला गणिताच्या दोन पेपरांपैकी सोपा पर्याय घ्यायचा. इथे मी अडले. इंजिनिअरिंगचे दार बंद होईल, लोकांची मुले कुठे पोचली, असे बरेच बोलले. बाईंनी शांतपणे विचारले, “कुणाच्या दहावीची भीती वाटते तुला? तिच्या, की तुझ्या?”

मी सोप्या गणिताच्या फॉर्मवर सही केली. शाळेत वर्गशिक्षिकेशी ईशा स्वतः बोलली, मी फक्त शेजारी बसले. अजूनही काही सकाळी तिचा चेहरा पांढरा पडतो. पण ती बसमध्ये चढते.

बाई, परिचारिका म्हणून सांगते, रक्तदाबाची गोळी चुकवू नका आणि दुखऱ्या गुडघ्यांनी जिने चढू नका. विद्यार्थिनी म्हणून मात्र मागणेच आहे, आणि त्यात स्वार्थ आहे. आम्हाला अजून भीती वाटते, आमच्या मुलांनाही वाटते. तुम्ही शंभर वर्षे धडधाकट असा.