गवराबाईंची सोयरीक

आमच्या घरमालकीण गवराबाईंच्या तोंडाला लागायची चाकणच्या त्या गल्लीत कुणाची छाती नव्हती. भाडेकरू म्हणून मी त्यांच्या शिव्याही खाल्ल्या आणि बाजरीची भाकरीही, दोन्ही कडकच. पण भामा नदीकाठच्या माहेराचा विषय निघाला की हीच बाई लोण्यासारखी मऊ व्हायची. वडील आबाजी गेले, शेतात कंपन्या उभ्या राहिल्या, भावकी पांगली. थोरला भाऊ रंगराव तेवढा उरला. तोही एक दिवस तुटेल, ही त्यांच्या जिवाला कायमची धास्ती. म्हणून त्यांनी भावाची मुलगी अनिता आपल्या गोरक्षला करून आणली. मामाची मुलगी करण्यात आमच्याकडे कुणाला वावगं वाटत नाही. वर आपली तनुजा रंगरावांच्या नवनाथला द्यायचा शब्दही देऊन बसल्या.

"दोन गाठी मारल्यात," त्या म्हणायच्या, "आता म्या मेले तरी म्हायेर सुटायचं न्हाई."

अनिताला मुलगा झाला तो डोक्यावर चंदेरी केस घेऊनच. काळे नाहीत, पिंगट नाहीत, घासलेल्या स्टीलच्या ताटासारखे चकाकणारे. बायका पदराआड कुजबुजल्या. गवराबाईंनी मात्र गल्लीभर पेढे वाटले. "माझा पिकल्या केसांचा बाप आलाय परत!" रंगराव नातवाला बघून लहान मुलासारखे रडले. नाव आबाजीच ठेवलं.

सातव्या महिन्यात निमगावच्या खंडोबाला मामाच्या, म्हणजे नवनाथच्या, मांडीवर बसवून त्याचं जावळ काढलं. डोकं तुळतुळीत झालं आणि थोड्याच दिवसांत ताप सुरू झाला. चिखलीच्या डॉक्टरांनी औषधं बदलून बदलून हात टेकले. पोट फुगलं, पोर पिवळं पडलं, तेव्हा पिंपरीच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं, पण केसांचं कुणीच सांगितलं नाही. सांगणार कसं? तो त्यांच्या लेखी आशीर्वाद होता, आणि आशीर्वादाची तक्रार घेऊन डॉक्टरकडे कोण जातं? मला आजही याचा संताप येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

डोक्यावर नवी लव आली तेव्हा एका डॉक्टरीणबाईंची नजर तिच्यावर गेली. त्यांनी एक केस घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, रक्त तपासायला पाठवलं आणि निकाल आल्यावर सगळ्यांना बोलावलं. डबा घेऊन गेलेली मीही तिथेच बसले.

"तुम्ही काय काम करता?" त्यांनी गोरक्षला विचारलं.

"कंपनीत डिस्पॅचला हाय, मॅडम."

"मग तुम्हाला लगेच कळेल. केसाचा रंग पेशीत तयार होतो. तो पेशीच्या कडेला पोचवायला एक प्रथिन लागतं, रॅब-२७ए नावाचं. तुमच्या बाळात ते बनतच नाही. माल तयार आहे, पण डिस्पॅच बंद. रंग आतच गोळा होऊन बसलाय."

"मग केसाच्या रंगाचं एवढं काय, मॅडम?"

"रोगाशी लढणाऱ्या पेशींचं विषही तेच प्रथिन बाहेर धाडतं. ते आत अडकलं की त्या पेशींची लढाई संपतच नाही. त्या चवताळून आपल्याच शरीरावर उठतात." त्या पुढे म्हणाल्या, "हा दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच असं होतं. नात्यात लग्न झालंय का?"

अनितानं मान खाली घातली.

"म्या लावलंय," गवराबाई म्हणाल्या.

दुसऱ्याची अस्थिमज्जा बसवणं हा एकच इलाज होता, पण त्याआधी पेटलेला आजार शमायला हवा होता. तो शमला नाही. आबाजी गेला. त्या छोट्याशा देहाकडे बघवत नव्हतं.

दुःख सरतं न सरतं तोच रंगरावांनी तनुजाच्या लग्नाचं काढलं. घरात मरण झालं की वर्षाच्या आत कार्य उरकायचं, नाहीतर पुढे अडतं, असं आमच्याकडे मानतात. ओसरीवर सगळे बसले होते.

"दादा, आदी नवनाथचं रगात तपासून घे," गवराबाई म्हणाल्या. "तनुजाचं तपासलं म्या. ती धडधाकट हाय, पन तो दोष तिच्यात बी हाय. त्याच्यात बी निघाला तर पुन्हा तेच."

"माझ्या घराण्याला खोट लावतीस व्हय?"

"तुजं घरानं आन् माजं दोन हाय का, दादा? एका आईचं दूध प्यालोय आपुन."

"तपासनार न्हाई. शब्द पाळायचा असंल तर पाळ."

गवराबाईंचा आवाज नेहमीचाच, गल्लीभर ऐकू जाणारा. "मग सोयरीक मोडली म्हन."

रंगराव उठले. "चल गं अनिते. माझं रगात हितं चालत न्हाई, तर तू तरी कशाला?" अनिता उठली. गोरक्षनं हात धरला, तो तिनं सोडवला. "ह्या घरातला पाळणा बघवत न्हाई मला," ती जाताना एवढंच मला म्हणाली.

तनुजाचा नवनाथवर जीव होता. तिनं आईला तोंडावर विचारलं, "गोरक्षदादाच्या लग्नाला कुठं गेलती ही अक्कल?" कुणाचा शब्द खाली पडू न देणाऱ्या गवराबाई भांडी घासत राहिल्या.

पुढे एकदा त्या धीर करून माहेरी गेल्या. परतल्या त्या थेट माझ्या खोलीच्या पायरीवर येऊन बसल्या. मी पाणी दिलं.

"भेटले का भाऊ, मावशी?"

"दार न्हाई उघडलं." त्यांनी घोटभर पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. "नवनाथचं लगीन झालं म्हनं. शेजारनीनं सांगितलं. पोरगी लांबची हाय, नात्यातली न्हाई. लई बरं झालं."

आणि मग ती वाघीण पदर तोंडात कोंबून रडली. "आत्याला अक्षता टाकाया बी बोलावलं न्हाई गं."