दोघांची माय

लेकरू रडलेलं मायला सहन होत नसे, मग ते कुणाचंही असो. वाफ्यांना पाणी देताना शेजारच्या मळ्यातून रडणं ऐकू आलं, की हातातलं फावडं टाकून ती निघे. इकडे पाणी वाफा फोडून वाहत जाई आणि मोटेवरून आजोबा ओरडत. ती परत येऊन निमूटपणे बांध नीट करी आणि म्हणे, "पानी काय, उद्या बी येते."

नात्यानं ती माझी आजी. कामरगावजवळ आमचा मळा होता. वांगी, मेथी, मिरच्या पिकवून बाजारात न्यायच्या. माझी आई तिची थोरली लेक, आसेगावला दिलेली. माझ्या जन्मानंतर आठवड्याच्या आतच ती बाळंतज्वरानं गेली. निरोप आला तेव्हा मायच्या मांडीवर तिचं शेंडेफळ होतं, काही महिन्यांचा सदा. मायलेकी एकाच वर्षी बाळंत होणं तेव्हा नवलाचं नव्हतं.

सदाला घेऊन ती बैलगाडीनं आसेगावला पोचली. मला बोळ्यानं साखरपाणी पाजणं चाललं होतं. लेकीसाठी रडण्याआधी तिनं मला पदराखाली घेतलं. मी पोटभर प्यायले आणि मगच ती रडली, असं सगळे सांगत. वडील पोर ठेवून जा म्हणाले, पण तिनं ऐकलं नाही. येताना तिच्या मांडीवर आम्ही दोघं होतो.

दूध दोघांना पुरेना. आधी ती मला पाजी. सदाला शेळीचं दूध, आणि ते त्याला कधी मानवलं नाही. मी गुटगुटीत झाले, तो किरकोळ राहिला. बांधावरून माझ्यामागे येणारे त्याचे काटकुळे पाय एवढंच मला आठवतं.

आम्ही चालतेबोलते झालो होतो तेव्हा मानमोडीच्या तापाची साथ आली. गावात घरोघर माणसं आजारी पडली. आम्ही दोघं तापानं एकाच गोधडीवर पडून होतो. मी उठले. सदा उठला नाही.

सुतकात आजोबांची बहीण आली होती. पोरीनं पोराच्या वाटचं दूध ओढलं, असं ती अंगणात सगळ्यांसमोर म्हणाली. आजोबा मान खाली घालून बसून राहिले. माय उठली, मला काखेत घेऊन वांग्यांत जाऊन बसली, ती दिवस मावळेपर्यंत. पुढे ती नणंद पुष्कळदा आली. तिचं ताट वेळेवर वाढलं जाई, पण माय तिच्याशी अखेरपर्यंत एक शब्द बोलली नाही. हे सारं मी मोठेपणी विहिरीवरच्या बायकांकडून ऐकलं.

सदा गेल्यावर मायनं दूध तोंडाला लावलं नाही. मला मात्र समोर बसवून पाजी. कधी कधी माझ्याकडे बघता बघता तिची नजर लांब जाई आणि ती एकदम उठून मळ्यात निघून जाई. आपलं काही चुकलं, असं मला वाटत राही. विचारायचा धीर झाला नाही.

पहिल्या बाळंतपणाला मी तिच्याकडेच आले. एका दुपारी ती माझ्या मुलाला तेल लावत होती, तेव्हा मी म्हटलं, "सदाचं दूध मी प्यायले, हे खरं आहे का, माय?"

तिचा हात थांबला. "दोघाईले पुरत नव्हतं. त्याची माय जिती होती, तुही माय नव्हती. म्हनून तुले देल्लं." मग ती पुन्हा तेल चोळू लागली. "त्यानं कधी मांगलं नाही व. रडला असता, तं त्यालेही देल्लं असतं. चुकलं का बरोबर झालं, मले अजून समजलं नाही."

 

शेवटच्या आजारात ती माणसं ओळखेनाशी झाली. मी भेटायला गेले त्या सकाळी तिनं माझा हात घट्ट धरला आणि मला माझ्या आईच्या नावानं हाक मारली. मी ओ दिली. तिनं विचारलं, "पोरगी धड हाये ना? अन् सदा?"

मी म्हणाले, "दोघंही पोटभर पिऊन निजले, माय."

तिनं माझा हात सोडला.