बारमाही जलस्रोत : निरंक

ऑफिसात साहेबांनी माझ्या टेबलावर कापडी पिशवी ठेवली. म्हणाले, “मॅडम, हे घालून या. पाहुणे यायला अर्धा तास आहे.”

पिशवीत हिरवा घागरा होता. घागऱ्यावर प्लास्टिकची पानं शिवलेली. कवड्यांची माळ. कपाळाला बांधायची पट्टी, पट्टीत खोचलेलं एक पीस. गडचांदूरच्या ड्रेपरीवाल्याकडून भाड्यानं आणलेला पोशाख. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरं ‘आदिवासी’ होतात, तेव्हा घालतात तो.

मी म्हटलं, “सर, आमच्यात असं कुणी घालत नाही.”

“माहीत आहे हो. पण फोटोत कळलं पाहिजे ना.”

मी घातला. हे आधीच सांगून टाकते. लोक अशा आठवणी सांगतात तेव्हा तिथल्या तिथं कसे कडाडले ते सांगतात. मी कडाडले नाही. बाथरूममध्ये गेले, सलवारीवरूनच घागरा चढवला, पट्टी बांधली आणि आरशात न बघता बाहेर आले. भूजलशास्त्रातली परदेशी पदवी असलेली बाई मी. पट्टी नीट बसेना म्हणून वर एक पिनही लावली.

स्टेजवर बॅनर होता : ‘परदेशातून परतलेले शिष्यवृत्तीधारक : जबाबदाऱ्या आणि संधी’. शिष्यवृत्तीधारक मी एकटीच. चार वक्ते माझ्या जबाबदाऱ्या सांगून गेले. समाजाला वर काढा. सरकारचे उपकार विसरू नका. मागे राहिलेल्यांना मुख्य प्रवाहात आणा. संधीबद्दल फक्त आमचे साहेब बोलले. “आमच्या संस्थेनं मॅडमना संधी दिली.” एवढंच. मग नारळ, शाल, गुच्छ. एका पाहुण्यानं फोटोआधी हात पुढं करून माझ्या कपाळावरचं पीस सरळ केलं. मला विचारलं नाही. मला दोन शब्द बोला असंही कुणी म्हटलं नाही.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून गावी पोचला. आत्याचा फोन आला. “काय वं, हे कोन्या जातीचं लुगडं घातलं तू?” ती हसत होती. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र रडू आवरेना. लाज पोशाख घालायला लावणाऱ्यांची नव्हती वाटत. माझी वाटत होती.

माझं गाव जिवतीच्या डोंगरावर. ज्वारी, कापूस, थोडी तूर, सगळं आभाळाच्या भरवशावर. उन्हाळ्यात खालून टँकर येतो. त्याचं पाणी वापरायला. प्यायचं पाणी कुठून येतं ते टँकरवाल्याला माहीत नाही. ते फक्त गावाला माहीत आहे.

आश्रमशाळा, चंद्रपूरचं कॉलेज, मग नागपूर. तिथल्या एका मॅडमनी शिष्यवृत्तीचा अर्ज हातात कोंबला आणि मी इंग्लंडला जाऊन पोचले. तिथं लोक मला देश विचारायचे, जात नाही. दोन वर्षं मी निवांत झोपले. जाताना हमीपत्र लिहून दिलं होतं, शिक्षण संपवून परत येईन म्हणून. ते लिहून घ्यायची गरजच नव्हती. मी पाण्याचं शिकले तेच आमच्या डोंगरासाठी.

परत आले आणि अडकले. नागपूरच्या एका ऑफिसात म्हणाले, तुम्ही फार शिकलेल्या आहात. दुसरीकडं विचारलं, “ही परदेशी डिग्री पण कोट्यातलीच का?” चंद्रपुरात एका कॉलेजनं तासिका तत्त्वावर शिकवा म्हटलं, तेही जून उजाडल्यावर बघू. गावात वेगळीच तऱ्हा. कुणी रेशनकार्ड घेऊन यायचं, कुणी निराधार पेन्शनचा कागद. “तू इमानात बसून आली, तहसीलदाराले सांगाले काऊन भेतं?” तहसीलदार मला दाराबाहेर उभी ठेवायचा, हे मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार होते? सव्वा वर्ष असंच गेलं. बाहेर मी गरजेपेक्षा जास्त होते, गावात आशेपेक्षा कमी.

म्हणून ही नोकरी मिळाली तेव्हा मी फार चौकशी केली नाही. खाणींसाठी पर्यावरणाचे अहवाल तयार करून देणारी संस्था. चुनखडीची नवी खाण होणार होती. पाण्याचं प्रकरण मी लिहायचं, अहवालाचा मराठी सारांश मी करायचा आणि जनसुनावणीच्या दिवशी तो लोकांना गोंडीत समजावून सांगायचा. तिसरं काम ऐकलं तेव्हाच कळायला हवं होतं की मला कशासाठी घेतलंय.

नकाशा उघडला. खाणीच्या रेषेच्या आत आमचा झरा होता.

या झऱ्याचं सांगते. आमच्या गावात झऱ्याचं नाव परक्यापुढं घेत नाहीत. वाट दाखवत नाहीत. चप्पल घालून तिथं जात नाहीत. परक्यानं विचारलंच, तर पाणी नाही म्हणायचं. फार पूर्वी कुणीतरी एका जंगल ठेकेदाराला वाट दाखवली, त्यानं तिथंच तळ ठोकला आणि गावाला वर्षभर पाण्यापासून हाकललं, असं म्हणतात. तेव्हापासून गावाचं तोंड बंद. माझा बा त्या जागेची पूजाअर्चा बघतो.

मी नोकरीला लागायच्या आधी सर्वेवाले जीप घेऊन गावात येऊन गेले होते. झाडाखाली लोकांना बसवून विचारलं, बारमाही पाणी आहे का? सगळे म्हणाले, “नाई.” फॉर्मवर लिहिलं गेलं, ‘बारमाही जलस्रोत : निरंक’. म्हणजे काहीच नाही. खाली अंगठे.

तो फॉर्म माझ्याकडं आला. मी काय केलं? निरंक टाइप केलं. मनाशी म्हटलं, गावाची रीत मी कशाला मोडू? खरं कारण रीत नव्हतं. पुन्हा सव्वा वर्ष घरी बसायची मला भीती वाटत होती. रीत आयतीच हाताशी होती, मी तिच्या आड लपले. पोशाखही त्याच महिन्यात घातला.

सही करायचा दिवस आला तेव्हा मात्र तोंड उघडलं. म्हटलं, “सर, त्या डोंगराच्या पोटात झरा आहे. मे महिन्यातही वाहतो.”

त्यांनी फॉर्म काढला. “गावानंच नाही सांगितलंय. हे बघा अंगठे. तुमच्या वडिलांचा पण असेल यात.”

होता.

“परक्याला सांगायची रीत नाही, सर.”

साहेब खुर्चीत मागं रेलले. हसले. “मग तुम्ही काऊन सांगून राह्यल्या? मॅडम, एक काय ते ठरवा. शिष्यवृत्ती घेताना आदिवासी, पगार घेताना सायंटिस्ट, सही करताना पुन्हा आदिवासी. असं नाही चालत.”

खोलीतले दोघे हसले. त्यांच्यातला एक रोज माझ्या डब्यातली ज्वारीची भाकर खायचा.

मी उभीच होते. रडू आलं नाही. पहिल्यांदाच आलं नाही. एवढंच दिसलं की माझे हे दोन तुकडे मी केलेले नाहीत. फोटो हवा तेव्हा एक उचलायचा, सही हवी तेव्हा दुसरा, हे यांचं काम. पाण्याचं शिकलेली बाई आणि त्या पाण्यावर वाढलेली बाई एकच आहे. ती यांच्या सोयीची नाही, एवढंच.

“उद्या सही लागेल,” साहेब म्हणाले.

“माझी नाही मिळणार,” मी म्हटलं, आणि पर्स उचलून एस.टी. स्टँडवर गेले.

बा अंगणात टोपलीचा काठ विणत होता. घरी आम्ही गोंडी बोलतो. इथं आमच्याकडच्या मराठीत लिहिते. मी सगळं सांगितलं. निरंक मी टाइप केलं, तेही सांगितलं. त्याचा हात थांबला.

“आमी नाई म्हटलं ते त्याले वाचवासाठी.”

“बा, त्याच नाईनं तो जाऊन राह्यला.”

“सांगतलं त तो देवाचा रायत नाई. सरकारचा होते. मंग टाकी बांधतीन, पाटी लावतीन, साहेब लोक जोडे घालून येतीन.”

“अन नाई सांगतलं त खदान होते.”

तो पुन्हा काठ विणायला लागला. मी त्याला जिथं आणून उभं केलं होतं तिथून दोन्ही वाटा वाईट होत्या, आणि त्यातली सांगायची, मोजायची वाट मी परदेशात जाऊन शिकून आले होते. दोन दिवस म्हातारी माणसं एकत्र बसली. मला बोलावलं नाही. तिसऱ्या दिवशी बा म्हणाला, “सांग. पाणी हाये म्हून सांग. नाव नोको सांगू.”

म्हणून नाव इथंही लिहीत नाही.

आम्ही अनवाणी गेलो. बानं आधी त्याचं काय ते केलं. मग मी बादली धारेखाली धरली आणि स्टॉपवॉच दाबलं. झऱ्याचं पाणी मोजायची ही साधी पद्धत, बादली किती वेळात भरते ते बघायचं. दहा वेळा भरली. दहा वेळा लिहिलं. सगळा वेळ बा तोंड फिरवून उभा होता. मला वाईट वाटत होतं, आणि तरी मी मोजत होते. गावाची एक गोष्ट वाचवायला मी गावाचीच दुसरी गोष्ट मोडत होते. ही जबाबदारी त्या चार वक्त्यांपैकी एकानंही सांगितली नव्हती.

जनसुनावणीला मंडप होता. पुढच्या रांगेत कुलर. अहवालावर दुसऱ्या कुणाची तरी सही. आत निरंक तसंच, मी टाइप केलेलं. माझ्या जागी आणलेल्या माणसानं सारांश मराठीतच वाचला, भराभर. मग लोकांना बोलायला सांगितलं. मी माईक घेतला. आधी गोंडीत, मग मराठीत बोलले. “या अहवालातलं निरंक मी लिहिलं. ते खोटं आहे. तिथं बारमाही पाणी आहे. हे त्याचं मोजमाप.” कागद अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवला. मागं आमच्या गावच्या बाया उभ्या राहिल्या. बा नाही उठला. पण मान खाली घातली नाही.

शेवटी कारकुनानं इतिवृत्त वाचून दाखवलं. माझं बोलणं कसं लिहिलंय ते ऐकायला मी कान टवकारले.

“एका स्थानिक महिलेने पाण्याविषयी भावना व्यक्त केल्या.”

निरंक लिहिलं तेव्हा मी तज्ज्ञ होते. पाणी आहे म्हटल्याबरोबर स्थानिक महिला. माझ्या दहा बादल्या म्हणजे भावना.

मी टेबलापाशी गेले, खुर्ची ओढली आणि बसले.

“खोडा ते.”

अधिकारी म्हणाले, “मॅडम, कार्यक्रम संपला. मंडप काढायचा आहे.”

“काढा. खोडा ते. माझं पूर्ण नाव लिहा. बापाचं लिहा. गाव लिहा. पुढं भूजलशास्त्रज्ञ लिहा. खाली दहाही मोजमापं लिहा.”

मंडपवाल्यांनी खुर्च्या घड्या करायला घेतल्या. कुलर बंद झाला. गावातली माणसं सतरंजीवरून हलली नाहीत. अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, कारकुनाला मान हलवली. त्यानं पेनचं टोपण काढलं.

मी एकेक शब्द वाचत बसले. सातवा आकडा त्यानं चुकवला. तो परत लिहायला लावला.

नोकरी गेली. दुसरी मिळेल असं वाटत नाही, चंद्रपूर, नागपूर या दोन जिल्ह्यांत तर नाहीच. फाइल नागपूरला जाईल, मुंबईला जाईल, दिल्लीलाही जाईल. खाण थांबेल की नाही मला माहीत नाही. फाइल जिथं जाईल तिथं मी जाणार. समोर खुर्ची ओढून बसणार. आणि लिहिणाऱ्याच्या हातून शेवटचा आकडा बरोबर उतरेपर्यंत उठणार नाही.