काकूंची ओसरी

परवा मुलीच्या बुटांना पॉलिश करताना त्या वासानं मला देवळालीतल्या हवालदारकाकांच्या खोलीत नेलं. ते बाबांच्या पलटणीतले. नव्वदच्या दशकात बाबा शहीद झाले आणि चुलत्यांनी आम्हाला चांदवडच्या घरातून काढलं, तेव्हा काकाच आम्हाला घ्यायला आले.

त्यांची एकच खोली होती. आई दारातच अडखळली. “वहिनी, अडचण होईल तुमची.”

काकूंनी तिच्या हातातली पिशवी घेतली. “कसली अडचण? आम्हाला आत गुदमरतं. आम्ही ओसरीवरच झोपतो.”

आईला शिवणकाम मिळून वेगळी खोली घेईपर्यंत आम्ही तिथंच राहिलो. मला ते गुदमरणं खरं वाटायचं.

जानेवारीचे दिवस होते. सकाळी दार उघडलं की दोघं एका घोंगडीत गुरफटून बसलेले दिसायचे आणि काकू मलाच विचारायच्या, “झोप लागली ना गं नीट?”